न दुखलेली पाठ

विहिरी खोदणाऱ्या त्या दोन भावांचा एकच नियम होता. आज तू खाली, उद्या मी. खाली उतरणाऱ्याने पहार चालवायची, घमेली भरायची. वर राहणाऱ्याने कप्पीवरचा दोर ओढायचा आणि खालच्याच्या जिवाकडे लक्ष ठेवायचं. बाप होता तेव्हाही हेच चालायचं. बाप गेल्यावर थोरल्याने नियम एकदाही मोडला नाही. धाकट्याने मात्र तो जमेल तसा वाकवला. कधी त्याचा दात ठणकायचा, कधी पोट बिघडायचं. कामचुकार म्हणावं तर तसाही नव्हता, वर असला की दोन माणसांचं काम एकटा ओढायचा. पण चार पुरुष खोल, घोटाभर गार पाण्यात दिवसभर उभं राहायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

त्या सकाळी पाळी त्याची होती. थंडी अशी की दोर हातात धरवत नव्हता. धाकट्याने काठावरून खाली डोकावून पाहिलं. तळाला काळं पाणी साचलं होतं. त्याने कमरेवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, पाठ भरून आलीये. वाकताच येत नाही."

पाठ ठणठणीत होती. आदल्या संध्याकाळीच त्याने शेजाऱ्याची गाडी चिखलातून एकट्याने ढकलून काढली होती.

थोरला उतरला. ऊन काठावर यायच्या आत मुरमाखालचा मातीचा थर सुटला आणि विहिरीची एक बाजू आत बसली. आवाज फार मोठा नव्हता, ओल्या कपड्यांचं गाठोडं जमिनीवर टाकावं एवढाच. धाकट्याच्या हातातला दोर एकदा ताणला आणि मग कितीही ओढला तरी आला नाही. आजूबाजूच्या मळ्यांतून माणसं धावली. थोरल्याला वर काढेपर्यंत दुपार झाली होती.

घरातलं माणूस गेलं की घरात बोलणारी माणसं फार होतात. चार दिवस ओसरीवर नुसती रीघ होती. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाणी दिलं तर प्यायची, नाहीतर तेही नाही. वहिनी आतल्या खोलीत थोरल्याचे धुतलेले सदरे पुन्हा पुन्हा घडी करत बसायची. तिला मूल नव्हतं. आता नवराही नव्हता. धाकटा आल्यागेल्याला तीच हकीकत सांगत होता आणि प्रत्येक वेळी एका जागी अडखळत होता. चौथ्या दिवशी शेजारच्या मावशींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"पण पाळी कोणाची होती रे?"

"माझी."

"मग तू कसा नाही उतरलास?"

"पाठ... पाठ दुखत होती."

"अचानक?"

"हं."

मावशींनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, "बघा गं बाई! देवानंच पाठ धरली पोराची. दोन्ही नाही नेले, एक ठेवला हो म्हातारीला!"

आणि चार दिवस भिंतीकडे पाहणाऱ्या आईने कूस बदलली.

"काय म्हणालीस?"

मावशींनी पुन्हा सांगितलं. आई कोपरावर रेलून उठली. तिने धाकट्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या पाठीवरून, मानेपासून कमरेपर्यंत, हात फिरवला. मग म्हणाली, "चहा टाका कोणीतरी."

धाकट्याने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं. आईच्या पोटात चार दिवसांनी चहा जात होता, तो खाली ठेवायला लावण्याची त्याची हिंमत झाली नाही. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. खोटं बोलणाऱ्याचा उद्या कधीच वेळेवर येत नाही, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

आठवड्यातून दोनदा, दिवे लागायच्या वेळी, देवळाच्या पटांगणात बुवा प्रवचन करायचे. बुवा चांगला माणूस. आवाज गोड, अंगावर कायम धुतलेले कपडे, कोणाच्या घरी दुःख असलं की न बोलावता जाऊन बसणार. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि पुढच्याच प्रवचनात त्यांनी ती सांगितली. कशी सांगितली म्हणता! थंडगार सकाळ, दोर, कप्पी, काळं पाणी, सगळं त्यांनी उभं केलं. धाकटा पाय खाली टाकणार एवढ्यात अदृश्य हात येतो आणि त्याच्या पाठीवर पडतो. "जा मागे! तुझी वेळ झालेली नाही!" बायकांच्या घोळक्यातून हुंदके आले. खुद्द धाकट्याच्या अंगावर काटा आला. क्षणभर त्याला वाटलं, असेलही. आपल्याला काय कळतंय.

तेव्हापासून त्याची जागा पहिल्या रांगेत ठरली. तो आला की लोक सरकून वाट द्यायचे. गावचा शिंपी, जन्मभर मशीनवर वाकून ज्याची कंबर कामातून गेली होती, तो त्याच्या मागे बसू लागला आणि गर्दीचं निमित्त करून स्वतःची पाठ त्याच्या पाठीला टेकवू लागला. तिसऱ्या प्रवचनाला म्हणाला, "खरं सांगतो, दोन आणे फरक आहे." मग काय, आणखी तीनचार कंबरा रांगेत आल्या. हसावं की रडावं, धाकट्याला कळेना.

वहिनी बायकांत अगदी मागे, खांबाला टेकून बसायची. सासू आग्रहाने आणायची म्हणून यायची. देवाने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, हे तिने त्या महिन्यात कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. पुढचा हिशेब लोकांनी आपापसांत, तिला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात केला. देव उगाच कोणाला नेत नाही. एकाला धरतो, एकाला सोडतो, म्हणजे सोडलेल्याचं काहीतरी असणारच. पदरात पोर नव्हतं, ते काय उगाच?

पावसाळ्याआधी विहीर पुरी व्हायला हवी होती. मळ्याच्या मालकाने दुसऱ्या गावाहून दोन खणकरी आणले. आधी बाजूंना लाकडी आधार दिले, मग ढासळलेली माती उपसायला सुरुवात केली. धाकट्याला त्याने निरोप पाठवला, तू ये. धाकटा पहार घेऊन गेला, तर मालकाने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुला काही करायचं नाही. तू फक्त काठावर बस."

"बसून काय करू?"

"बस म्हणतोय ना. तू बसलास की खालच्यांना धीर राहतो. तेच अडून बसलेत, तो देवाचा माणूस वर असेल तरच उतरू म्हणून. मजुरी पूर्ण देतो."

एका दिवसाचं काम चुकवायला माणूस खोटं बोलला, आणि आता त्याला कोणी कामच करू देईना! त्याच्यासाठी खुर्ची आणली, डोक्यावर ताडपत्रीची सावली बांधली. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहायचा. खालून पहारीचा ठोका यायचा आणि प्रत्येक ठोक्याला त्याची बोटं खुर्चीच्या दांडीवर आवळायची. उठून दोर धरायला गेला तर खणकरी ओरडायचे, "हलू नका, बसा!" बसून बसून त्याची पाठ आता खरोखरच दुखायला लागली. पण ते सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडाने?

आणि त्याच्या समोरून वहिनी घमेली वाहायची. घरात कमावतं माणूस एकच उरलं होतं, म्हणून तीही कामाला आली होती. विहिरीतून वर आलेली माती डोक्यावर घ्यायची, शंभर पावलं चालून बांधापलीकडे टाकायची, परत यायची. ज्या मातीखाली नवरा गेला तीच माती. ती कशी वाहत होती, तिचं तिलाच ठाऊक. पहिले काही दिवस ती घमेलं उपडं केल्यावर पायाने माती पसरून बघायची. काय शोधतेस, असं कोणी विचारलं नाही.

एका दुपारी ती भाकरी खायला त्याच्याजवळ येऊन बसली. दुरडी उघडली, पण घास घेतला नाही. अलीकडे ती जेवायचीच नाही. गळ्याची हाडं वर आली होती.

"भावजी, एक विचारू?"

"विचार ना, वहिनी."

"यांनी काय केलं असेल हो?"

"कशाचं?"

"काहीतरी केलं असेलच ना. त्याशिवाय असं होतं का? तुम्ही लहानपणापासून बघितलंय त्यांना. मी आपली आठ वर्षांची सोबतीण. मला जेवढं आठवतं तेवढं आठवून झालं." तिने बोटं मोजायला सुरुवात केली. "शेजारच्या कुत्रीची पिल्लं लांब नेऊन सोडली होती एकदा. ती पुढे जगली का माहीत नाही. वरच्या मळ्यात खोदताना सापाची अंडी लागली, ती पहारीने फोडली. माझ्या वडिलांना एकदा उलट बोलले होते, पण नंतर माफी मागितली. एका म्हाताऱ्याला विहिरीला पाणी लागेल म्हणाले होते, लागलं नाही. एवढंच. एवढ्याला एवढी शिक्षा देतात का हो?"

धाकट्याने हातातली भाकरी दुरडीत परत ठेवली.

"वहिनी, असलं काही नसतं."

"नसतं कसं? तुमच्या पाठीवर हात ठेवलाच ना त्याने? मग त्यांच्या का नाही ठेवला? दोघं एकाच काठावर उभे होते." तिने दुरडी पुन्हा झाकली. "की माझंच काही असेल? माझ्या पायगुणाने..."

"वहिनी!"

"ओरडू नका. मी नुसतं विचारतेय. एकदा कळलं ना, की या या कारणासाठी, तर मी निमूट सोसेन. कारणच सापडत नाही, म्हणून रात्रंदिवस शोधत बसते."

ती उठली आणि न जेवताच घमेल्याकडे गेली. त्या दिवसापासून धाकट्याच्या पायाला भिंगरी लागली. काम संपलं की तो घरी जायचाच नाही. मळ्याच्या वाटेने, ओढ्याकाठाने, गावाबाहेरच्या रस्त्याने नुसता फिरायचा. सांगावं तर आई पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी कदाचित कायमचं. न सांगावं तर वहिनी डोळ्यांदेखत वाळतेय आणि मेलेल्या भावाच्या नावावर पापं चढताहेत. बरं, सांगायचं तरी काय? तो आळस नेमका त्याच सकाळी का आला? आळसाच्या रूपाने कोणी आलं होतं का? आणि आलं असेल, तर त्याला थोरल्याला दुसरं काम सुचवता आलं नसतं का? एका प्रश्नाचं शेपूट धरावं तर दुसरा डोकं वर काढायचा. शेवटी त्याने ठरवलं, ज्यांना कळतं त्यांना विचारावं.

आधी तो बुवांकडे गेला. बुवा पुस्तकांना ऊन दाखवत होते. त्यांनी त्याला दूध दिलं, बसवलं. धाकट्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. पाठ दुखत नव्हती. खोटं बोललो. थंडी होती, कंटाळा आला होता, बस्स.

त्याला वाटलं, बुवा आता हाकलून देतील. बुवा हसले.

"ही खोटं बोलायची बुद्धी तुला कोणी दिली?"

"कोणी नाही. माझी मलाच झाली."

"तुझं तुझं म्हणतोस, त्यातलं तुझं काय आहे रे? श्वास तुझा आहे? भूक तुझी आहे? त्याला तुला वाचवायचं होतं. कोणाला तो पाठ देतो, कोणाला आळस देतो."

धाकट्याने दुधाचा पेला खाली ठेवला. बुवांचं म्हणणं खोडता येत नव्हतं आणि गिळताही येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचा एक गुन्हा कबूल केला होता, आणि बुवांनी तोही काढून घेऊन देवाच्या खात्यावर टाकला.

"मग माझा भाऊ?"

"त्याचं आयुष्य तेवढंच."

"लोक म्हणतात त्याचं पाप होतं."

"लोक म्हणतात. मी कधी म्हणालो?"

"तुम्ही म्हणाला नाहीत. पण तुम्ही गोष्ट सांगता तिथूनच लोक पुढे जातात."

बुवांनी एका पुस्तकाची कड सरळ केली. मग म्हणाले, "हे लोकांत बोलू नकोस. साधी माणसं आहेत, त्यांचा आधार जाईल. तुझ्या आईचा विचार कर."

तिथून धाकटा मास्तरांकडे गेला. निवृत्त मास्तर देवाधर्माच्या वाटेला जात नसत. घरभर वर्तमानपत्रांची कात्रणं, अंगणात कोंबड्या. त्यांनी कोंबड्यांना दाणे टाकत टाकत सगळं ऐकून घेतलं.

"योगायोग," ते म्हणाले. "चिकणमातीला काय कळतं खाली थोरला आहे की धाकटा? थर ओला झाला, वजन पेललं नाही, सुटला. तू असतास तर तू गेला असतास."

"मग चूक माझी नाही?"

"चूकबीक माणसांनी काढलेल्या गोष्टी आहेत. निसर्गात चूक नसते."

"मास्तर, मग माझ्या पोटात हे सारखं ढवळतं ते काय आहे?"

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पित्त असेल. उपाशीपोटी फार फिरतोस तू."

बुवांच्या हिशेबात तो निवडलेला होता आणि मास्तरांच्या हिशेबात कोणीच नव्हता. दोघांनीही त्याला सोडून दिलं होतं. आणि त्याला सुटायचं नव्हतं, हे तिथून परतताना त्याच्या लक्षात आलं. त्याने उत्तरासाठी एवढी पायपीट केली, आणि उत्तर त्याच्याकडे पहिल्यापासून होतं. लहान होतं, लाजिरवाणं होतं. म्हणून तो मोठं शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खणकरी झाडाखाली आडवे झाले. वहिनी शेवटचं घमेलं टाकून येत होती. धाकटा खुर्चीवरून उठला आणि तिच्या वाटेत उभा राहिला.

"वहिनी, माझी पाठ दुखत नव्हती."

ती थांबली. घमेलं तिच्या हातात तसंच राहिलं.

"त्या दिवशी. मी खोटं बोललो. पाळी माझी होती. थंडी होती, पाण्यात उतरायचा कंटाळा आला. म्हणून म्हणालो पाठ दुखते. कोणी हात ठेवला नाही, काही नाही."

वहिनीने घमेलं खाली ठेवलं, आणि मग स्वतःही खाली मातीतच बसली. त्याला वाटलं, ती आता रडेल, नाहीतर दगड उचलून घालेल. तिने यातलं काहीच केलं नाही.

"पुन्हा सांगा. सगळं सांगा. काय म्हणालात, कसं म्हणालात."

त्याने सांगितलं. ती एकेक विचारत गेली. कमरेवर हात ठेवला होता का? कण्हलात का? ऊन आलं होतं का? एखाद्याने हरवलेली वस्तू चाचपावी तशी ती त्या सकाळीवरून हात फिरवत होती.

"आणि ते काय म्हणाले?"

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बुवांनाही नाही.

"हसला. म्हणाला, 'परवा दात होता, आज पाठ. उद्या काय काढणार आहेस?' आणि दोर कमरेला बांधायला लागला."

"म्हणजे त्यांना कळलं होतं."

"कळलं होतं."

"तरी उतरले."

"उतरला."

वहिनीने तोंडावर पदर धरला. दीड महिन्यात ती कोणासमोर रडली नव्हती, ती आता रडली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता, पण खांदे असे हलत होते की धाकट्याला बघवेना. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. चेहऱ्यावर मातीचे फराटे उमटले.

"म्हणजे त्यांनी काही केलं नव्हतं."

"काही नाही."

"नुसता तुमचा आळस."

"नुसता माझा आळस."

"तुम्हाला मी कधी माफ करणार नाही, भावजी," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग तिने दुरडी ओढली, फडकं सोडलं आणि भाकरी खायला लागली. सगळी खाल्ली. त्याच्या वाटणीचीही अर्धी खाल्ली. पाणी पिऊन उठताना म्हणाली, "आता सासूबाईंना सांगा. आजच. मीही येते."

आई अंगणात सूप घेऊन धान्य पाखडत होती. दोघांना कामाच्या वेळी एकत्र आलेलं बघून तिचा हात थांबला. धाकटा तिच्यासमोर उकिडवा बसला. चौथ्यांदा सांगायचं होतं, पण सगळ्यांत अवघड हेच होतं.

"आई, त्या दिवशी माझी पाठ..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुखत नव्हती ते." आईने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "शाळेत असताना परीक्षा आली की तुझं पोट दुखायचं. शेण काढायला सांगितलं की डोकं. तुझ्या अंगात खरं काय दुखतं आणि खोटं काय, ते तुझ्या आधी मला कळतं. मी जन्म दिलाय तुला."

धाकट्याने मान वर केली.

"मग त्या दिवशी पाठीवरून हात फिरवलास, चहा मागितलास..."

"मग काय करू?" आईचा आवाज चढला. "एक पोटचा गेला. दुसरा आळशी होता म्हणून राहिला, असं म्हणत जगू? तुझं तोंड दिसलं की माझ्या मनात काय यायचं, सांगू? हा का नाही गेला, असं यायचं. आई आहे मी, आणि मला असं यायचं. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या बाईने देवाचं नाव घेतलं आणि मला वाट सापडली. देवाने ठेवला म्हटलं की तुझ्याकडे बघता तरी येतं!"

सूप तिच्या हातातून सुटलं आणि दाणे सगळीकडे उडाले. धाकटा ते गोळा करू लागला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

अंगणाच्या फाटकातून वहिनीचा आवाज आला. ती अजून आत आली नव्हती.

"आणि मी, आई?"

आईने वर पाहिलं.

"तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि मी तुमच्या शेजारी झोपून त्यांची पापं मोजत होते. तुम्ही ऐकत होतात. कुत्रीची पिल्लं, सापाची अंडी. तुमच्याच मुलाची पापं, आई."

  वहिनी उत्तरासाठी थांबली नाही. ती आत गेली आणि चूल पेटवू लागली. त्या दिवशी प्रवचनाचा वार होता. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा आईने डोक्यावरून पदर घेतला आणि ती वहिनीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"चल."

"मला नाही यायचं."

"आज ये. उद्यापासून नको येऊस."

पटांगण भरलं होतं. धाकटा मागे बसायला गेला तर लोकांनी हाताला धरून त्याला पुढे नेऊन बसवलं. शिंप्याने लगेच पाठीला पाठ टेकली. बुवांनी डोळे मिटले, आवाज लावला आणि बोलता बोलता त्या सकाळीपाशी आले. थंडी, दोर, काळं पाणी.

"आणि तेवढ्यात त्याच्या पाठीवर..."

"त्याची पाठ दुखत नव्हती," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. आई उभी होती. तिने एका हाताने खांब धरला होता.

"आळशी आहे तो. लहानपणापासून आहे. काम चुकवायला खोटं बोलला. मला माहीत होतं, आणि मी ऐकून घेत होते. माझ्या सोयीचं होतं म्हणून." तिला धाप लागली. "माझ्या थोरल्याने काही पाप केलेलं नाही. तो कामाला गेला होता. दुसऱ्याच्या पाळीला गेला होता. एवढंच झालंय."

कोणीतरी खाकरलं. बुवा हळुवारपणे म्हणाले, "आजी, यातही त्याचीच इच्छा..."

"असेल. त्याची इच्छा त्याच्याजवळ. पण माझ्या मुलाला पापी म्हणायचं असेल, तर इथे उभं राहून माझ्या तोंडावर म्हणा. त्याची बायको इथे बसलीये, तिच्या तोंडावर म्हणा. कोण म्हणतंय?"

कोणीच म्हणालं नाही. दीड महिना कुजबुजणाऱ्या तोंडांना अचानक आपापल्या पायांची नखं दिसायला लागली. शेजारच्या मावशी तर पदराचं टोक चावत होत्या. वहिनी उठली. तिने सासूचा दंड धरला, फार प्रेमाने नव्हे, पडू नये एवढ्यापुरताच, आणि दोघी चालू लागल्या.

धाकट्याच्या पाठीला टेकलेली शिंप्याची पाठ केव्हाच दूर झाली होती. धाकटाही उठला. या वेळी कोणी सरकलं नाही, कोणी वाट दिली नाही. लोकांच्या मांड्यांवरून पाय टाकत, "जरा सरका, जरा सरका" म्हणत, दोघातिघांच्या शिव्या खात तो कसाबसा मागे पोचला. शिव्या ऐकून त्याला बरं वाटलं. रस्त्यावर दोघी बऱ्याच पुढे गेल्या होत्या. तो पळत गेला, पण अगदी जवळ जायचा धीर झाला नाही, म्हणून चार पावलं मागे राहून चालू लागला. आईने वळून पाहिलं नाही. वहिनीनेही नाही. पण बोलली ती वहिनीच, समोर बघतच.

"भावजी, उद्या लवकर उठा. पाळी तुमची आहे."

"मालक उतरू देणार नाही."

"मालकाला मी सांगते. तुम्ही उतरा. दोर मी धरेन."